थांबवता येणारे व्याख्यान

रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांबद्दल विद्यापीठांत दोन टोकाची मते ऐकू येतात. व्हिडिओ मिळू लागले की वर्ग ओस पडतील, हे एक. व्हिडिओ मिळू लागले की प्राध्यापकांची फारशी गरज उरणार नाही, हे दुसरे. पहिले मत भीतीतून येते आणि दुसरे बचतीच्या हिशेबातून. दोन्ही मते टिकत नाहीत.

वर्ग ओस पडण्याची भीती अगदीच निराधार नाही. ‘परीक्षेआधी बघू’ म्हणत व्याख्याने साठवून ठेवणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतात. पण ७५ टक्के हजेरीच्या अटीने भरलेला वर्ग शिकतोच असे नाही. तासभर केवळ नोट्स उतरवून घ्यायच्या असतील, तर विद्यार्थ्याला वर्गात बसवण्याचे कारण व्हिडिओ येण्याआधीच संपलेले असते.

शंका विचारता येत नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हिडिओ उत्तर देत नाही, हे खरेच. मात्र सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गातही हात वर करणारे दोनचारच असतात. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते; जिथे विद्यार्थी तासातच उदाहरणे सोडवत किंवा चर्चा करत, तिथे ते २१.८ टक्के होते. हा पुरावा रेकॉर्डिंगच्या विरोधात जात नाही. तो एकतर्फी निवेदनाच्या विरोधात जातो, मग ते फळ्यासमोर असो वा पडद्यावर. विषयाची पहिली मांडणी विद्यार्थ्याने आधीच ऐकलेली असेल, तर वर्गातला तास अडलेल्या जागांसाठी मोकळा होतो, आणि शंका विचारायला खरी जागा तिथेच मिळते.

बचतीचा हिशेब जास्त घातक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. रिक्त पदे तशीच ठेवण्यासाठी ही मुभा वापरण्याचा मोह संस्थांना होऊ शकतो. दूरशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले अभ्यासक्रम जानेवारी १९७१ मध्ये सुरू झाले आणि बीबीसीवरची त्यांची व्याख्याने गाजली. पण ती शिक्षणाचा एक छोटा भाग होती. घरी येणारी छापील पुस्तके, स्वाध्याय तपासून सविस्तर शेरे लिहिणारे शिक्षक, स्थानिक केंद्रांतल्या भेटी आणि उन्हाळी निवासी वर्ग यांवर ते विद्यापीठ उभे राहिले. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘एनपीटेल’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचे प्रमाणपत्रही नुसते व्हिडिओ पाहून मिळत नाही. त्यासाठी दर आठवड्याचे स्वाध्याय आणि केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा लागते.

रेकॉर्डिंगचे खरे बळ दुसऱ्यांदा ऐकण्यात आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम बनवले. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि चुकला की गेला. आता व्याख्यान थांबवणे, मागे नेणे विद्यार्थ्याच्या हातात आले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीला याचे मोल सर्वाधिक कळते. तिला कलनशास्त्र अवघड नसते; इंग्रजी वाक्य कानावरून जाईपर्यंत फळ्यावरची पुढची पायरी लिहून झालेली असते. चारचौघांत ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा संकोच न करता ती तेच वाक्य तीनदा ऐकू शकते. सोबत मराठीतला लिखित पाठ असेल, तर संज्ञा आणि अर्थ यांची जोडही तिला लागते. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी तर लिखित पाठाविना व्हिडिओ निरुपयोगीच ठरतो.

तरीही तासाभराचे व्याख्यान कॅमेऱ्यापुढे जसेच्या तसे उतरवणे पुरेसे नाही. कार्ल श्पुनर, नोवाल खान आणि डॅनिएल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राच्या सुमारे २१ मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर प्रयोग केला. व्याख्यानाच्या भागांमध्ये छोट्या चाचण्या दिलेल्या विद्यार्थ्यांचे मन कमी भरकटले, त्यांनी अधिक टिपणे काढली आणि शेवटच्या परीक्षेत त्यांना अधिक आठवले. म्हणून एका व्हिडिओत एकच संकल्पना, तिच्यामागे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे घेऊन वर्गात येण्याची अट, अशी बांधणी हवी. साठवून पाहण्याच्या सवयीलाही अशा अटीनेच आळा बसतो. खेड्यातल्या अशक्त नेटवर्कसाठी कमी आकाराची, उतरवून घेता येणारी प्रत द्यायला हवी.

हे सगळे करायला वेळ लागतो आणि तो प्राध्यापकांचाच असतो. पटकथा, चित्रण, उपशीर्षके आणि दरवर्षीची दुरुस्ती हे काम विद्यापीठांनी कार्यभारात धरले पाहिजे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला त्याचे वेगळे मानधन मिळाले पाहिजे, आणि त्याची नेमणूक संपल्यावर ते रेकॉर्डिंग वापरायचे असेल, तर आधी त्याची लेखी संमती घेतली पाहिजे.