सुरतेची तोफ आणि सुरतेचा रस्ता

सूरत म्हटली की मराठी माणसाला दोन साल आठवतात, 1664 आणि 1670. त्यापुढे सुरतेचं काय झालं याची आपल्याला फारशी चौकशी नसते. साड्या आणि हिरे, बस्स! गेली काही वर्षं मात्र सूरत माझ्या मोबाइलवर वरचेवर येते ती तोफेच्या रूपाने. तापीच्या मुखाशी हजिरा आहे. तिथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात 'के-9 वज्र' ही तोफ तयार होते. 2019 च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन तिच्यावरून फेरफटका मारून आले. तो व्हिडिओ मला निदान सहा जणांनी पाठवला आणि खाली ओळ ठरलेली : बघा, आपलं संशोधन!

तोफ उत्तम आहे, वादच नाही. रणगाड्यासारखी साखळपट्ट्यांवर धावते. घेतली वाळवंटासाठी, पण 2021 साली लडाखच्या थंडीत चढवली तर तिथेही चालली. शंभर तोफांची पहिली ऑर्डर 2017 ची, सुमारे साडेचार हजार कोटींची. 2024 च्या डिसेंबरात दुसरा करार झाला, 7,628 कोटींचा. हजिऱ्याच्या कामगारांनी काम चोख केलं, त्यांना सलाम. पण वाचकहो, संशोधन कोणाचं? ते दक्षिण कोरियाचं! तिथल्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने 1989 साली काम हाती घेतलं, सॅमसंगच्या कंपनीला सोबत घेतलं, आणि दहा वर्षांनी, 1999 साली, तोफ त्यांच्या सैन्यात दाखल झाली. दहा वर्षं तिथल्या सरकारने पैसा घातला आणि वाट पाहिली. आज तीच तोफ तुर्कस्तान, फिनलंड, नॉर्वे, पोलंड यांच्याकडे आहे आणि आपल्याकडेही. आपण विकत घेतलं ते दुसऱ्याच्या सरकारने पूर्वी केलेल्या खर्चाचं फळ. त्याला खरेदी म्हणा, कारखानदारी म्हणा, संशोधन म्हणू नका.

हे दुखणं जुनं आहे. शिवाजीमहाराजांनी 1659 च्या सुमारास कल्याणच्या खाडीत गलबतं बांधायला घेतली तेव्हा जाणकार म्हणून पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील हे लक्षात येताच पोर्तुगीजांनी ते फूस लावून पळवले. उसन्या जाणकारीचं असंच होतं. महाराज शहाणे, त्यांनी आरमार उभं केलंच. आपण साडेतीनशे वर्षांनी परवान्यावरच समाधानी!

मग आपली माणसं करू शकत नाहीत का? करतात की! पुण्यात पाषाणला डीआरडीओची शस्त्रसंशोधन संस्था आहे. तिने भारत फोर्ज आणि टाटांना बरोबर घेऊन 'एटॅग्ज' ही ओढतोफ घडवली. काम सुरू झालं 2012-13 च्या सुमारास आणि 307 तोफांचा करार झाला मार्च 2025 मध्ये. बारा वर्षं. एवढा धीर सरकारने धरला म्हणून ती झाली. पण एकूण देश म्हणून आपण संशोधनावर खर्च करतो राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के (2020-21 चा आकडा), आणि कोरिया करतो पाच टक्क्यांच्या जवळ. तोफ कोणाकडून कोणाकडे आली याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. मी हे बोललो की त्यांना आनंद होतो. "तरी सांगतो, तोफा कशाला? आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा!" अहो, खड्डे बुजवायलाही अक्कल लागते, आणि ती अक्कल फुकट येत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकट्या डीआरडीओला 26,816 कोटी आहेत. सीएसआयआरच्या सदतीस प्रयोगशाळांना मिळून साडेसहा हजार कोटींच्या आसपास. त्यात औषधं आली, विमानं आली, आमच्या दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था आली, आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्थाही आली. डीआरडीओचे पैसे कापा असं मी म्हणत नाही, तेही कोरियाच्या मानाने तोकडेच आहेत. पण नद्या, पूल, रस्ते यांच्या अभ्यासाच्या वाटणीला काय उरतं, तेवढं बघा.

पुन्हा सुरतेलाच जाऊ. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरण भरत आलं, वरून खानदेशातून पाणी येतच राहिलं, आणि नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं. तीन चतुर्थांश सूरत बुडाली. उधना-लिंबायतकडे आमचे खानदेशी मराठी बांधव लाखांनी राहतात. जे पाणी त्यांच्या गावावरून निघालं तेच त्यांच्या शहरात आलं. धरणातून किती सोडलं तर कुठल्या गल्लीत किती पाणी, आणि किती तास आधी सांगता येईल, हा शुद्ध स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे. सुरतेत सरदार वल्लभभाईंच्या नावाचं राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आहे, तिथले प्राध्यापक तापीचा अभ्यास करतात. पण पूर्वसूचनेची पहिल्यापासून शेवटपर्यंतची व्यवस्था उभी करण्याच्या कामाला बळ मिळालं ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या, 2008 साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून! फाउंडेशनचे आभारच मानू. पण तोफेची अक्कल सोलची आणि पुराच्या अकलेचा पैसा न्यूयॉर्कचा, याची लाज कोणाला वाटायला हवी?

आणि आता सुरतेचीच चांगली बातमी, जी मला एकानेही फॉरवर्ड केली नाही. त्याच हजिऱ्याला 2022 साली बंदराकडे जाणारा सहापदरी रस्ता झाला, सुमारे एक किलोमीटरचा. त्यात डोंगर फोडून काढलेली खडी नाही. पोलाद करताना निघणारी धातुमळी, सुमारे एक लाख टन, प्रक्रिया करून वापरली. ही मळी तशीच टाकली तर पाणी लागून फुगते आणि रस्ता उखडतो. ती फुगू नये म्हणून काय करायचं, थर किती जाडीचा द्यायचा, हे सगळं रस्ते संशोधन संस्थेच्या सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. पैसा केंद्राच्या पोलाद मंत्रालयाचा, कच्चा माल शेजारच्या पोलाद कारखान्याचा. अरुणाचलात सीमा सडकवाल्यांनीही हे तंत्र नेलं. म्हणजे लष्कराचं आणि नागरिकांचं संशोधन इथे एकच झालं की नाही? फोटो मात्र तोफेबरोबरच निघतात.

2025 च्या जुलैत केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. चांगली गोष्ट. पण ती मुख्यतः खाजगी उद्योगांना कमी व्याजाने दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी आहे. कर्ज कोण घेईल? ज्याला वस्तू विकायची आहे तो. पुराचा अभ्यास कोणाला विकणार? गंजाचा अभ्यास कोणाला? त्याला गिऱ्हाईक नाही. तिथे सरकारने सरळ अनुदान द्यावं, परत मागू नये आणि दरवर्षी "उपयोग काय झाला" म्हणून कागद नाचवू नयेत.

गंजाचं नाव मी मुद्दाम घेतलं. 5 जुलै 1986. पणजीचा मांडवी पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल! खाऱ्या हवेने काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या. त्यानंतरची कित्येक वर्षं आम्ही बेती ते पणजी फेरीबोटीत, पावसात छत्र्या सांभाळत, माणसावर माणूस उभे राहून काढली. नवा पूल आला 1992 साली. खाऱ्या खाडीत, मैलभर पावसात पूल कसा टिकतो हे आपलं आपणच शोधायला हवं. कोरिया ते शोधून देणार नाही. आणि डिचोली-साखळीत खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत. हजिऱ्याची मळी रस्त्यात जाते, तर आमच्या मातीचा एक किलोमीटर करून बघायला काय हरकत आहे? पण मागणार कोण? आम्ही आमदाराकडे हॉटमिक्स मागतो, प्रयोगशाळा नाही.

सुरतेचं तंत्र आपल्या वाटेवर येऊन पोचलंय, हे मात्र सांगायला हवं. 2024 च्या जानेवारीत मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेल-इंदापूर पट्ट्यात, डोलवीच्या कारखान्याची मळी घालून रस्ता खुला झाला. किती? एक किलोमीटर! ज्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून मुदतीवर मुदत खात होतं, त्याच्या वाट्याला एक. गेल्या खेपेला मुंबईहून येताना मी खिडकीला डोळे लावून बसलो होतो. पेण गेलं तसं ड्रायव्हरला विचारलं, तो मळीचा रस्ता कुठे लागतो? तो म्हणाला, "मघाशी पाच मिनिटं गाडी हलली नाही ना, तेवढाच असणार. गेलो तो, फाटीं उरलो."