यंत्र आले, सराव कोठे आहे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात ठाणे जिल्ह्यात उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या वस्त्याही बुडाल्या. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. बचाव पथकांजवळ स्वतःची बिनतारी यंत्रे असतात. चाळीतल्या कामगाराजवळ मोबाइलखेरीज काही नसते आणि मनोऱ्याची बॅटरी संपली की तोही निकामी होतो. संकटात कोणाची हाक ऐकू जावी, हेसुद्धा अशा रीतीने साधनांच्या मालकीवर ठरते.

‘लोरा’ या दूर पल्ल्याच्या अंकीय बिनतारी पद्धतीने ही विषमता काही अंशी कमी करता येईल. यंत्र मुठीत मावते, वीज अत्यल्प लागते आणि एकाचा संदेश दुसरे यंत्र उचलून पुढे धाडते. त्यावरून बोलता येत नाही. चार ओळींचा मजकूर तेवढा जातो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीच्या मान्यताप्राप्त यंत्रांना परवाना लागत नाही. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, परंतु तेथे मजकूर गुप्त ठेवता येत नाही. लोरावर तो ठेवता येतो.

मात्र यंत्र विकत घेतल्याने संदेशवहन सुरक्षित होत नाही. यंत्रासोबत येणारी सांकेतिक किल्ली सर्वांनाच ठाऊक असते. गटाने स्वतःची किल्ली तयार करावी, ती हातोहात द्यावी आणि एखादे यंत्र हरवताच बदलावी. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवला; राममनोहर लोहियांचा त्यात सहभाग होता. १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला, तो फितुरीमुळे. कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली अखेर माणसाच्याच हाती असते.

गुप्त काय ठेवावे, याचाही विवेक हवा. आजारी माणसाचे नाव, एकट्या वृद्धेचा पत्ता हे बंद राहावे; पाणी कोठवर चढले, ही वार्ता सर्वांची आहे.

इमारतींच्या दाटीत पल्ला आखडतो. कोणत्या गच्चीवरून कळव्याला संदेश जातो, पारसिकच्या डोंगरापलीकडे मुंब्रा-दिव्यात तो कोठे अडतो, हे पुस्तकात सापडत नाही. पायी फिरूनच कळते. हे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे आणि ते डोंबिवलीतल्या चार हौशी अभियंत्यांपुरते राहू नये. वालधुनीकाठची गृहिणी, रिक्षाचालक, सफाई कामगार यांच्या हाती यंत्र पडले पाहिजे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी प्रभागवार शिक्षण द्यावे, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा; पण त्याची वाट पाहत बसू नये. शासनाची जबाबदारी यामुळे संपत नाही. उलट, ज्यांची हाक पोहोचते त्यांनाच तिचा जाब विचारता येतो. पुराच्या रात्री कोणी यंत्र शिकत नसतो.