रात्रीची वीज कोणाच्या सोयीची?

‘कोळसा विदर्भाचा, कोराडी आपल्याच जिल्ह्यात, मग कोळशाच्या विजेला नावं कशाला ठेवता? सूर्य मावळला की सोलर बंद. संत्र्याचं ओलीत कशावर करायचं?’ नरखेड तालुक्यात सौर वाहिनीचा विषय निघाला की हा आक्षेप येतोच. तो मुळापासून तपासला पाहिजे.

कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट. अर्धशतक राख या जिल्ह्याने झेलली. तरी मोवाड-जलालखेड्याच्या बागाईतदाराने थ्री फेजसाठी रात्रपाळी केली. विंचूकाट्याच्या अंधारात मोटार सुरू करायला जाणं हे त्याने नशीब म्हणून स्वीकारलं. ते नशीब नव्हतं. औष्णिक संच रोज रात्री विझवून सकाळी पेटवणं परवडत नाही. रात्री शहरांची मागणी उतरते, तेव्हाची वीज शेतीच्या फिडरवर वळवली जाते. रात्रीचं ओलीत ही संत्र्याची गरज कधीच नव्हती. ती कोळशाची सोय होती.

आता संत्र्याचं वेळापत्रक पाहा. आंबिया बहराची फळं एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावाचून गळतात. सूर्य सर्वाधिक तळपतो तोही तेव्हाच. पावसाळी ढगांनी सौरवीज घटते, तेव्हा ओलिताची निकडही ओसरते. या पिकाला सूर्याइतका सोयीचा वीजपुरवठादार दुसरा नाही.

घरचे दिवे आणि कारखाने रात्री चालतात, हे खरं. २०२५ मध्ये देशातली निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, म्हणून कोळसा संपत आला असं सांगणारेही चुकतात. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजून पाऊण हिश्शाच्या घरात आहे. पण जुने संच काही काळ लागतील, यावरून नवे हवेत असं सिद्ध होत नाही. कोराडीच्या आणखी दोन ६६० मेगावॅट संचांवर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. आज बांधलेला संच पुढची पंचवीस-तीस वर्षं कोळसा मागणार. दिवसाचा शेतीभार सूर्यावर गेला, तर त्याचं समर्थन आणखी लंगडं पडतं.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो: फुकटच्या उन्हावर दिवसभर उपसा झाला, तर आधीच खोल गेलेले बोअर आटतील. म्हणून सुट्या सौरपंपापेक्षा अख्खा फिडर सौर करणं मला योग्य वाटतं. त्यात पुरवठ्याचे तास ठरलेले राहतात, ठिबकला शिस्त लागते. (तसंही एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफच आहे, उपशाला बिलाचा लगाम उरलेला नाही.)

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. सावरगाव असो वा भिष्णूर, पुढच्या ग्रामसभेत पडीक जमिनीचा ठराव घ्या आणि दिवसाचा फिडर मागा.