श्रावणबाळ एकटा होता

‘‘म्हाताऱ्यांचं करायला एम. ए. कशाला हवं? ते आम्ही घरात करतोच की!’’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने समाजकार्याची पदवी घेतल्यावर पुढे जेरोंटॉलॉजी, म्हणजे वार्धक्यशास्त्र, शिकायचं म्हटलं, तेव्हा घरच्यादारच्यांनी तिला हेच सुनावलं. एका काकांनी तर विचारलं, ‘‘बेडपॅन उचलायला डिग्री लागते?’’ हीच मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला गेली असती तर पर्यटकांच्या चादरी बदलण्याला कोणी हलकं काम म्हटलं नसतं. त्याला आपण हाउसकीपिंग म्हणतो आणि पेढे वाटतो. परक्याची चादर बदलली की करिअर, आपल्याच जाणट्यांची बदलली की हमाली! हा हिशेब मला कधीच कळलेला नाही, म्हणून आज थोडं कडू बोलणार आहे.

पहिला प्रश्न असा, की त्या वाक्यातले ‘आम्ही’ कोण? बोलणारे बहुतेक पुरुष असतात आणि करणारी असते सून. तिला कोणी विचारलेलं नसतं आणि शिकवलेलंही नसतं. सून नोकरीवर जात असेल तर दिवसाला ठेवलेली बाई. स्वयंपाक, केरवारा आणि ‘आजीकडे जरा बघ हं’, सगळं एकाच पगारात. रजा मागितली की ही माणसं माजली म्हणायला आपण मोकळे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. घरात करतो, पण नीट करतो का? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे किती घरांत ठाऊक आहे? आडवं निजवून पेज भरवली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते, हे? काल शहाण्यासारखे बोलणारे आजोबा आज रात्री अचानक बरळू लागले, तर ते साधं लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं. आपण मात्र म्हातारचळ लागला म्हणून मोकळे होतो, नाहीतर देवळात कौल लावायला जातो. ऐकू कमी येतं त्याला हट्ट समजतो. मन खचलं तर ‘वयच झालं आता’ म्हणतो. चार डॉक्टरांनी दिलेल्या बारा गोळ्या एकमेकींशी भांडत तर नाहीत ना, हे बघणारं कोणी नसतं. साठी बुद्धी नाठी, ही म्हण आपण रोगनिदान म्हणून वापरतो! माया सगळ्यांकडे असते हो, पण माया म्हणजे माहिती नव्हे.

हे मी हवेत बोलत नाही. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातल्या वृद्धांवरचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोक ओळखत होते, पण तो आजार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मुलांनी हेळसांड केली, प्रेम दिलं नाही, म्हणून माणूस असा होतो, अशी समजूत त्यांना आढळली. म्हणजे मेंदू झिजतोय आईचा आणि आरोपी मुलगा. बिचारी सून रात्र रात्र जागतेय आणि वाड्यावरची माणसं म्हणतात, ‘‘सांभाळत नाहीत वाटतं नीट.’’

पुढे २००८ साली अमित डायस आणि सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास आला. गोव्याच्या दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं त्यात होती. इथल्याच माणसांना थोडक्या मुदतीचं प्रशिक्षण देऊन स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी पाठवलं. आजार काय आहे, वागायचं कसं, चिडायचं का नाही, हे त्यांनी घरच्यांना समजावलं. आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण सांभाळणाऱ्यांचं मन सावरलं, त्यांच्यावरचा ताण हलका झाला. आपल्या मातीतला पुरावा आहे हा. शिकलेलं माणूस दारात आलं की घर बदलतं.

आता ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी. जेरोंटॉलॉजी हा शब्द १९०३ साली मेच्निकॉफने वापरात आणला, हे खरं. पण मद्रास मेडिकल कॉलेजात वार्धक्यवैद्यकाचं एम. डी. १९९६ सालीच सुरू झालं, आणि मद्रास काही युरोपात नाही. शिवाय एम. डी. डॉक्टरांसाठी. वार्धक्यशास्त्राचा पसारा त्याहून मोठा आहे. त्यात शरीर येतं, मन येतं, पेन्शन आणि वारसाहक्क येतात, न्हाणीघरात कठडा कुठे बसवावा हेही येतं. हे शिकलेलं माणूस वृद्धाश्रम चालवू शकतं, इस्पितळातून घरी जाणाऱ्या रुग्णाची आखणी करू शकतं, पंचायतीला योजना करून देऊ शकतं. बाळंतपण एकेकाळी वयजिणीच्या भरवशावर घरातच होत असे. आज कोणी म्हणतं का, की बाळंतपणाला डॉक्टर कशाला, आम्ही घरात करतोच की? बाळाचा वेगळा डॉक्टर लागतो हे मान्य, मग आजोबांचं शास्त्र वेगळं असलं तर बिघडलं कुठे?

आपल्या मराठी मनाची एक खोड आहे. वार्धक्य म्हटलं की आपल्याला ‘नटसम्राट’ आठवतो, ‘संध्याछाया’ आठवतं. मोठी नाटकं आहेत, वाद नाही. पण त्यातून आपण सोयीचा तेवढाच धडा घेतला, की म्हातारपणाचं दुःख म्हणजे मुलांचं दुरावणं. मुलं चांगली निघाली की प्रश्न मिटला! डोळे पुसून नाट्यगृहाबाहेर पडायचं, आणि १ ऑक्टोबरला ज्येष्ठांना शाल-श्रीफळ द्यायचं.

आणि श्रावणबाळ? त्याच्याइतका चांगला मुलगा दुसरा कोणता? पण गोष्ट नीट वाचा. आंधळे आईबाप, कावड एक आणि खांदा एकच. तो पाण्याला गेला, दशरथाचा बाण लागला, आणि त्याच्यामागे तेही दोघे गेले. एका बाणात सगळी व्यवस्था कोसळली, कारण श्रावणबाळ एकटा होता. पुत्रप्रेमात कसूर नव्हती. त्याच्या पलीकडे दुसरं कोणी उभंच नव्हतं.

आज तो बाण आणखी सोपा झालाय. कोणी तारवटी होऊन बोटीवर, कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात. त्यातले काहीजण तिथे परक्या म्हाताऱ्यांचीच देखभाल करतात, रीतसर प्रशिक्षण घेऊन, तासावर पैसे घेऊन. तिकडे ते काम इज्जतीचं असतं आणि इकडे आई बाल्कांवात एकटी बसलेली असते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. राज्यांत केरळच्या खालोखाल आपणच. त्यानंतर आपण काही तरुण झालेलो नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. १८४२ पासून वैद्यकाचं शिक्षण देणाऱ्या भूमीत वार्धक्यशास्त्राचा पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा, नुसता एखादा पेपर नव्हे. पण अभ्यासक्रमाआधी नोकऱ्या हव्यात, नाहीतर शिकलेली मुलं पहिल्याच विमानाने जातील. प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमांत आणि खाजगी आश्रमांतही या विषयात शिकलेलाच माणूस प्रमुख असावा. प्रत्येक आरोग्य केंद्राला घरोघर जाणारा एक तरी प्रशिक्षित कार्यकर्ता असावा, पगारी आणि कायम. घरकाम करणाऱ्या बायांना प्रशिक्षण मिळावं आणि त्यानंतर वाढीव मजुरी. सेवेचे पैसे घेणं पाप असेल तर आधी भटजींची दक्षिणा बंद करा, मग बोलू.

मताला जोगवा मागायला येणाऱ्यांना यंदा सभामंडपाऐवजी हे मागून बघा. आणि तुमच्या घरातली एखादी मुलगी, किंवा मुलगाही, म्हाताऱ्यांचं शास्त्र शिकायचंय म्हणाला, तर कृपा करून बेडपॅनचा विनोद करू नका. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत तुमचं वय किती झालेलं असेल, तेवढं मात्र बोटांवर मोजा.