रिव्हॉल्व्हर ठेवायचं कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. पर्समधून शस्त्रपरवान्याचा कोरा अर्ज काढून म्हणाली, "ताई, एवढा भरून द्या. आणि कोणतं घ्यावं तेही सांगा." बारा वर्षं मार खाल्लेली बाई. मी तिला अहिंसेवर भाषण दिलं नाही. ज्यांनी मार खाल्लेला नाही त्यांनी ते देऊ नये.

कोणतं घ्यावं, हे सरकारी कारखान्याने सांगून ठेवलंच आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं. पॉइंट ३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, अर्धा किलोच्या आसपास वजनाचं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात, आणि वर दागिन्यांची असावी तशी मरून पेटी! बाईला बंदूक विकतानाही तिला दागिना दाखवावा लागतो. चार घरची धुणीभांडी करणारीने सव्वा लाख कुठून आणायचे, हे त्या पेटीवर लिहिलेलं नव्हतं.

आम्ही दोघी अर्ज वाचत बसलो. पोलिस चौकशीला घरी येणार, म्हणजे पहिली बातमी नवऱ्याला. शिवाय वापराचं प्रशिक्षण, सुरक्षित ठेवण्याची हमी.

"ठेवणार कुठे?" मी विचारलं.

"कपाटात."

"किल्ली कोणाकडे असते?"

ती गप्प. किल्ली त्याच्याकडे. कुलपात, गोळ्या वेगळ्या काढून ठेवलं तर तो अंगावर येईल तेव्हा ते हाती लागणार नाही. भरून उशाखाली ठेवलं तर आधी सापडेल मुलाला, नाहीतर त्यालाच. अमेरिकेतल्या अकरा शहरांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटीने वाढतो.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, बाईने शस्त्र घेतलं की पुरुष घाबरतील. कोणते पुरुष? बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. दीर, शेजारी, मालक. त्यांच्यासमोर पर्स उघडायची केव्हा, चहाचा कप पुढे करताना? जीव वाचवण्यासाठी जीव घेण्याची मुभा कायदा देतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३८. पण ते लागू होतं हे पटवायला तिला वकील शोधावा लागणार, तोही कोठडीतून.

माझा राग तिच्यावर नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश मिळू शकतो. अर्ज पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात लिहिलंय. आम्ही तो अर्ज केला. पहिली तारीख होऊन आठ महिने झाले. ती प्रत्येक तारखेला येते. दुसरा अर्ज अजून तिच्या पर्समध्ये असतो. तो फाडून टाका, असं मी तिला सांगितलेलं नाही.