विजेत्या संघास कुलूप

ओवे येथील आमच्या विद्यार्थ्यांस मुंबईचा महिंद्र युनायटेड हा फुटबॉल संघ ठाऊक नाही. यात त्यांचा दोष नाही. १९६२ साली मोटारी बनविणाऱ्या कंपनीच्या आश्रयाने तो स्थापन झाला. २००३ व २००५ साली त्याने फेडरेशन चषक जिंकला, २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपदही मिळविले. तरी २०१० साली मालकांनीच तो मोडला. अमेरिकेत १९७५ साली पेले यांस आणणारा न्यूयॉर्क कॉसमॉसही १९८५ साली धनिकांचा आश्रय सुटताच मावळला. कंपनीने आपला पैसा कोठे घालावा, हे सांगणारे आम्ही कोण? परंतु ज्यांनी संघासाठी घसा कोरडा केला, त्या प्रेक्षकांस मालकीत पैचाही वाटा नसावा, हे आम्हांस रुचत नाही. सभासदांची वर्गणी व मत असते, तर कुलूप लागण्यापूर्वी निदान एक सभा तरी भरली असती.