मृत्यूच्या कारणाचा वाद आणि अंतिम निकालाची मर्यादा

नवी दिल्ली : ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी कॅथलीन फोल्बिग यांची दोषसिद्धी रद्द केली. स्वतःच्या चार अपत्यांच्या मृत्यूस जबाबदार ठरवल्या गेलेल्या या महिलेने तोवर वीस वर्षे तुरुंगात काढली होती. मृत्यूचे कारणच वादग्रस्त असेल तर हत्येचा निष्कर्ष कितपत टिकतो, हा या प्रकरणातील प्रश्न भारतीय न्यायव्यवस्थेलाही विचारात पाडणारा आहे.

फोल्बिग यांची चार मुले १९८९ ते १९९९ या काळात दगावली. सर्वांत लहान मूल १९ दिवसांचे होते, तर सर्वांत मोठे सुमारे दीड वर्षाचे. गुदमरवून मारल्याचा निर्णायक शारीरिक पुरावा एकाही शवविच्छेदनात आढळला नव्हता. तरीही एकाच घरात चार मृत्यू नैसर्गिक असणे असंभवनीय, हा तर्क आणि आईच्या रोजनिशीतील अपराधभावाच्या नोंदी यांच्या आधारे २००३ मध्ये तिला दोषी ठरवण्यात आले.

या तर्कातील धोका तेव्हा अज्ञात नव्हता. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांना १९९९ मध्ये दोन बाळांच्या हत्येबद्दल दोषी ठरवले गेले, तेव्हा असे दोन आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक असल्याचे तज्ज्ञाने सांगितले होते. संख्याशास्त्रज्ञांनी ही आकडेमोड सदोष ठरवली. कारण एकाच कुटुंबातील मृत्यूंमागे समान आनुवंशिक कारण असू शकते. दुसऱ्या बाळाच्या जिवाणूसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नसल्याचेही उघड झाले आणि २००३ च्या जानेवारीत ती शिक्षा रद्द झाली. फोल्बिग यांच्याविरुद्धचा निकाल त्यानंतर काही महिन्यांनी लागला.

पुढे जनुकीय तपासणीत फोल्बिग यांच्यात आणि त्यांच्या दोन्ही मुलींत ‘कॅल्म-२’ या जनुकातील दुर्मीळ दोष आढळला. हृदयाची लय बिघडून आकस्मिक मृत्यू ओढवण्याशी या जनुकाचा संबंध आहे. २०१९ च्या पहिल्या चौकशीने तरीही दोष कायम मानला. २०२१ मध्ये नोबेल विजेत्यांसह नव्वद शास्त्रज्ञ व वैद्यकतज्ज्ञांनी माफीची मागणी केली. माजी मुख्य न्यायमूर्ती टॉम बाथर्स्ट यांच्या दुसऱ्या चौकशीत दोषाबाबत वाजवी शंका असल्याचे आढळले आणि ५ जून २०२३ रोजी माफी मिळाली. जनुकीय दोषामुळेच मृत्यू झाला, हे येथे सिद्ध करावे लागले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. तशी वाजवी शक्यता नाकारता येत नाही, एवढेच पुरेसे ठरले. तीन मृत्यूंबाबत नैसर्गिक कारणाची शक्यता मान्य होताच चौथ्याबाबतचा योगायोगाचा तर्कही कोसळला.

भारतीय कायद्याला हे तत्त्व परके नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते, पण ते न्यायालयावर बंधनकारक नसते. पुण्यात १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला होता. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणत त्याची निर्दोष मुक्तता केली. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने झालेला मृत्यू, आरोपीकडे विष असणे आणि ते देण्याची संधी, या चारही बाबी सिद्ध व्हायला हव्यात, असे या निकालाने बजावले. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत तो आजही आधारभूत मानला जातो.

मात्र पुण्याच्या प्रकरणातील शंका अपिलाच्या टप्प्यावरच मांडली गेली होती. निकाल अंतिम झाल्यावर नवे वैद्यकीय ज्ञान पुढे आले तर काय, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे त्यानंतर पुनर्विलोकन व उपचारात्मक याचिका उरतात आणि दोहोंची कक्षा मर्यादित आहे. राष्ट्रपती वा राज्यपालांची माफी शिक्षेपासून सुटका देते, न्यायालयाचा निकाल पुसत नाही. संशयास्पद दोषसिद्धींची छाननी करणारा स्वतंत्र आयोग इंग्लंडमध्ये १९९७ पासून, तर न्यूझीलंडमध्ये २०२० पासून कार्यरत आहे. भारतात तशी यंत्रणा नाही. चुकीच्या खटल्यांच्या बळींना भरपाई देण्याची शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली होती. पण भरपाईचा प्रश्न येतो तो चूक मान्य झाल्यानंतर. ती शोधायची कोणी, याचे उत्तर अद्याप बाकी आहे.

या शोधाची एक अट अगदी व्यावहारिक आहे. फोल्बिग यांच्या मुलांची जनुकीय तपासणी होऊ शकली, कारण त्यांचे जैविक नमुने अनेक वर्षे जतन करण्यात आले होते. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूच्या बातमीत ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य हमखास असते. तो किती काळ राखला जातो आणि निकालानंतर त्याचे काय होते, याचे उत्तर देशभर एकसारखे असायला हवे. नमुनाच नष्ट झाला, तर दोन दशकांनी विज्ञान पुढे गेले तरी त्याचा उपयोग तुरुंगातील माणसाला होणार नाही.